रांगेतल्या शेजारणीचा नंबर घ्या

चाळीसगावच्या ताई, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या लेकराला घेऊन एकटी पडलेय असं तुम्ही लिहिलंत, राहवलं नाही. माझी भाचीही तशीच, अमळनेरला. बहिणीला खरा आधार मिळाला तो जळगावला अपंगत्वाच्या दाखल्याच्या रांगेत. तिथं भेटलेल्या तीन आया अजून दर महिन्याला एकीच्या घरी जमतात. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि पोटभर रडणंही. मुलं एकमेकांना ओळखतात, हे केवढं मोठं! तुम्हीही नंबर मागा, संकोच नको.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा. मग केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना बघा. वर्षाला १ लाखापर्यंतचा उपचारांचा खर्च मिळतो, थेरपीसुद्धा त्यात येते. शाळेनं टाळलं तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा: किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अमळनेरला कधीही या, ताई.