आंब्याखालच्या गाड्यांवर चिकट थेंब, पानं काळी. औषध मारावं का?

गोरेगाव_पूर्व:
सोसायटीच्या आवारातला आंबा मोहरलाय. खालच्या गाड्यांवर बारीक चिकट थेंब पडतात आणि खालची पानं काळी कुळकुळीत झालीत. जवळ गेलं की करडे किडे तडातडा उडतात. कमिटी जालीम औषध मारायचं म्हणतेय.

पालवी:
हे तुडतुडे. डोक्याकडे रुंद, मागे निमुळते, 4-5 मिलिमीटर लांब. बोट जवळ न्या, खेकड्यासारखा तिरका सरकून दांड्याच्या पलीकडे लपेल, मग उडी. पिल्लांना पंख नसतात. ती मोहराच्या दांड्यांवर दाटीने बसलेली दिसतील.

झाडाच्या रसात साखर भरपूर आणि नत्र अगदी कमी. पोटाला पुरेसं नत्र मिळावं म्हणून ते रस ओढतच राहतात आणि जादा साखर मागून टाकतात. तोच तुमच्या गाड्यांवरचा चिकटा. त्यावर काळी बुरशी वाढते, पण ती पानात शिरत नाही. ओलं बोट फिरवा, खाली हिरवं पान दिसेल. तिने ऊन अडतं एवढंच. खरं नुकसान मोहराचं: रस गेला की तो सुकतो, फळ धरत नाही.

वाडीवाला:
फुलं उमललेली असताना जालीम औषध कृपा करून मारू नका! आंब्याचं परागीभवन माश्या आणि मधमाश्याच करतात.

फुलं उमलण्याआधी किंवा फळ धरल्यावर निंबोळी तेल चालतं: 1 लिटर पाण्याला 5 मिली तेल, 1 मिली पातळ साबण. तेल आधी साबणात घोटा, मग पाणी घाला. नाहीतर तवंग येतो आणि पानं करपतात. संध्याकाळीच फवारा. मादी अंडी दांड्याच्या आत घालते, तिथे फवारा पोचत नाही, म्हणून आठवड्याने पुन्हा मारायचं. मोहर संपला की तुडतुडे सालीच्या भेगांत दडतात, तेव्हा खोडही भिजवा. उंच झाडाला हातपंप पुरत नाही, शेंड्यावरचे तसेच राहतात.

मुलुंडकर:
इमारतींच्या सावलीतल्या दाट झाडावर हे जास्त. आंबे उतरल्यावर आतल्या फांद्या विरळ करा, ऊन-वारा खेळू दे. झाड खासगी आवारात असलं तरी छाटणीला महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे.

गाडी कोरडी पुसू नका, चिकट्यातल्या धुळीने ओरखडे पडतात. साखरच ती, साध्या पाण्यात विरघळते. त्याच दिवशी धुवा.