पूल लीग: स्थानिक स्पर्धेसाठी सातातले पाच कसे निवडू? कॅप्टन म्हणून मदत हवी आहे

मेघना_ओहायो

नमस्कार मंडळी,

मी कोलंबसला राहते. इथे अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशनच्या, म्हणजे एपीएच्या एट-बॉल लीगमध्ये आमचा संघ आहे (एट-बॉल हा पूलचा, म्हणजे टेबलावर क्यू नावाच्या काठीने खेळायच्या खेळाचा प्रकार; आपले सात बॉल पॉकेटात घालून शेवटी आठ नंबरचा घालायचा). या सेशनपासून, म्हणजे लीगच्या या हंगामापासून, कॅप्टन मी आहे. प्लेऑफला आम्ही पोचू असं दिसतंय. तिथे निभावलं तर पुढे आसपासच्या निवडक संघांची स्थानिक स्पर्धा, आणि ती जिंकणाऱ्यांना लास व्हेगासचं तिकीट. व्हेगास अजून लांब आहे, पण स्थानिक स्पर्धेत नीट तयारीनिशी उतरायचं आहे. इथे कुणी लीग खेळत असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९७९ मध्ये टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी ही संघटना सुरू केली. हौशी माणसालाही तगड्या खेळाडूसमोर उभं राहता यावं म्हणून प्रत्येकाला २ ते ७ अशी स्किल लेव्हल दिलेली असते. ४ विरुद्ध ४ असेल तर दोघांनाही तीन-तीन डाव जिंकावे लागतात. ६ विरुद्ध ३ असेल तर ६ वाल्याला पाच आणि ३ वाल्याला फक्त दोन. एका रात्री एकास एक अशा पाच मॅचेस होतात. त्या पाच जणांच्या लेव्हलची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. माझं सगळं कोडं या २३ मध्ये आहे.

आम्ही सात जण: एक ६, दोन ५ (हे सख्खे भाऊ आहेत, मूळचे मेक्सिकोचे), दोन ४ (त्यातली एक मी) आणि दोन ३. त्या दोन ३ पैकी एक नर्स आहे, तिच्या नाइट शिफ्ट असतात. दुसरे आमचे काका. काका पुण्याचे, निवृत्तीनंतर मुलाकडे आलेत. तरुणपणी बिलियर्ड्स खेळलेले. बिलियर्ड्सचे जगज्जेते विल्सन जोन्स आपल्या गावचे हे समोरच्या संघालाही आवर्जून सांगतात. आतापर्यंत ६+५+५+४+३ असे बरोबर २३ जमत होते.

पण काकांचा खेळ सुधारलाय. ते कोणत्याही आठवड्यात ४ होतील. मग स्पर्धेच्या दिवशी नर्सला सुट्टी मिळाली नाही तर उरतात ६, ५, ५, ४, ४, ४. यातून ६+५+४+४+४ असे २३ होतात खरे, पण एका भावाला बसवावं लागतं. किंवा ६ वाल्याला बसवून बाकी पाच जण, बेरीज २२.

यावर संघातल्या एकाने तोडगा सुचवला की काकांनी दोन-चार सोपे शॉट मुद्दाम सोडावेत, म्हणजे इनिंग (डावातल्या पाळ्या) वाढतील आणि ते ३ वरच राहतील. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. ज्यांनी या वयात नवं टेबल, नवे नियम, नवी माणसं आपलीशी केली त्यांच्या हातून चुका झाल्या तरी चालतील, पण मुद्दाम चुकायला मी सांगणार नाही. पण हे काकांच्या कानावर गेलं, आणि आता ते म्हणताहेत, "माझ्यामुळे अडत असेल तर मी बसतो." हे मला फार लागलं.

तर मला हे विचारायचंय: निवड कशी करावी? कुणाला कितव्या मॅचला उतरवावं? आणि टाइमआउट (खेळ थांबवून कोचचा सल्ला घेणं) नेमका कधी घ्यावा? कारण आमचे ३ वाले पहिला टाइमआउट फार लवकर संपवतात.

शार्लटकर

मेघनाताई, मुद्दाम हरायला नाही म्हणालात ते उत्तम केलंत. ते कायम ठेवा. वरच्या स्पर्धांमध्ये यावर बारीक लक्ष असतं, तिथे संघ बाद होऊ शकतो. पण त्याहीपेक्षा, एकदा मुद्दाम चुकायची सवय लागली की ऐन वेळी हात सरळ चालत नाही. मी एक चांगला खेळाडू असा बिघडताना पाहिला आहे.

याच अनुषंगाने, तुमच्या स्कोअरशीटवर डिफेन्सिव्ह शॉट (बॉल घालायचा प्रयत्न न करता समोरच्याला अडचणीत टाकणारे) नीट मांडले जातात का ते पाहा. लेव्हल ठरवताना एका डावाला किती इनिंग लागल्या हे बघतात आणि त्यातून डिफेन्सिव्ह शॉट वजा करतात. काकांसारखा बिलियर्ड्सवाला माणूस सेफ्टी, म्हणजे असेच डिफेन्सिव्ह शॉट, भरपूर खेळणार. तुम्ही ती मांडली नाही तर कागदावर ती चूक दिसते आणि लेव्हल खोटीच खाली राहते. म्हणजे कुणाच्या मनात नसतानाही तोच प्रकार होतो. समोरच्याच्या सेफ्टीसुद्धा तितक्याच काटेकोरपणे लिहा. स्कोअर ठेवणाऱ्याने मोबाइल खिशात ठेवावा, हा माझा आग्रह आहे.

आता क्रम. पहिल्या मॅचला नाणेफेक जिंकणारा संघ ठरवतो की आधी नाव कुणी द्यायचं, पुढे ते आलटून पालटून येतं. बहुतेक नवे कॅप्टन आपले भारी लोक आधी खर्च करतात. ६+५+५ झाले की १६, उरले ७, म्हणजे ४ आणि ३ यांच्याशिवाय तुमच्या हातात काही नाही. समोरच्याला हे दिसत असतं आणि तो त्यानुसार माणूस ठेवतो. त्यापेक्षा ३ दुसऱ्या किंवा तिसऱ्या मॅचला काढा. त्यांनी आधी ७ चं नाव दिलं तर बिनधास्त ३ उतरवा: त्याला सहा डाव जिंकायचेत, तुमच्या माणसाला दोन. तुमचा ६ त्यांच्या २ समोर मात्र टाकू नका. तिथे त्याला सहा डाव लागतात आणि समोरच्याला दोनच, एखादा डाव नशिबाने गेला की घाम फुटतो.

आपल्याला नाव आधी द्यायचं असेल त्या वेळी मी सहसा ४ किंवा ५ देतो. त्याच्यासमोर कुणीही आलं तरी फार मोठी तफावत पडत नाही.

सोंगटीवाला

काकांबद्दल एवढंच: त्यांना बारा फुटी टेबलाची सवय असणार. लीगचं टेबल सात फुटी, नाणी टाकून चालणारं. अंतर कमी असल्याने बॉल घालणं सोपं वाटतं, पण पंधरा बॉल लहान जागेत दाटीवाटीने बसतात. मोकळी वाट दिसली तरी शेवटच्या दोन बॉलांच्या मधे काहीतरी अडकलेलं असतंच. म्हणून रॅक (सुरुवातीला त्रिकोणात मांडलेले बॉल) फुटल्यावर आधी अडकलेले बॉल कुठे आहेत ते पाहावं आणि ते कुठल्या शॉटवर सोडवायचे हे तेव्हाच ठरवावं.

शिवाय जुन्या बारमधल्या टेबलांवर क्यू बॉल (ज्याला क्यूने मारतो तो पांढरा बॉल) इतरांपेक्षा मोठा किंवा जड असतो, म्हणजे पॉकेटात गेला की यंत्राला तो वेगळा काढता येतो. असा बॉल मागे खेचायला जड जातो. स्पर्धेच्या जागी अर्धा तास आधी जा आणि फक्त ड्रॉ (क्यू बॉल मागे खेचणं) आणि फॉलो (तो पुढे नेणं) मारून बघा.

कॅरम खेळणाऱ्यांना कट आणि कडेवरून घेतलेले शॉट आपोआप येतात, हा आपल्या मंडळींचा मोठा फायदा. पण कॅरममध्ये स्ट्रायकर दर वेळी आपल्या बाजूला परत येतो. इथे क्यू बॉल जिथे थांबेल तिथून पुढचा शॉट. आपली गोची तिथेच होते.

आरती_डी

मी पूल खेळत नाही, नवरा खेळतो आणि मी दर आठवड्याला शीट लिहिते. दोन गोष्टी सुचतात.

नर्स मैत्रिणीच्या शिफ्टची तारीख आजच विचारून घ्या. हॉस्पिटलात सुट्टीची अदलाबदल करायला वेळ लागतो, आदल्या आठवड्यात काही होत नाही. आणि या सेशनमध्ये तुमच्या संघाकडून तिच्या पुरेशा मॅचेस झाल्यात का तेही बघा. प्लेऑफसाठी त्याची किमान संख्या असते, आमच्याकडे चार आहे. तुमच्या लीग ऑपरेटरला विचारून खात्री करा.

दुसरं, काकांना फोन न करता घरी जाऊन भेटा. त्यांना स्पष्ट सांगा की तुम्ही ४ झालात तर तो संघाचा आनंद आहे, आणि बसायची पाळी आली तर ती आळीपाळीने सगळ्यांवर येईल, ५ वाल्या भावांवरसुद्धा. दर आठवड्याचे पैसे सगळे सारखेच भरतात ना? मग बसणंही वाटून घ्या. ही यादी प्लेऑफच्या आधी सर्वांना लेखी पाठवा. आमच्या संघात ती ऐन वेळी बारमध्ये उभ्याउभ्या ठरायची, त्यातून दोन चांगले मित्र दुरावले.

मेघना_ओहायो

सर्वांचे मनापासून आभार. आरती, तुमचं वाचून आजच काकांकडे जाऊन आले. काकूंनी आग्रहाने जेवायला बसवलं, आणि जेवता जेवता सगळं बोलणं झालं. आळीपाळीचं ऐकून काका लगेच तयार झाले. नर्सने तारीख मागून घेतली आहे. डिफेन्सिव्ह शॉट आम्ही मांडत होतो, पण समोरच्यांचे नाही. ते या आठवड्यापासून.

टाइमआउटचं राहिलंच. आणि मी स्वतः खेळत असताना माझ्या मॅचला कोच कोण?

शार्लटकर

कोच कॅप्टनच असावा असं नाही. संघातलं कुणीही चालतं, मॅच सुरू व्हायच्या आधी समोरच्याला सांगून ठेवा. तुमच्या मॅचला ६ वाल्याला ठेवा.

२ आणि ३ वाल्यांना एका डावात दोन टाइमआउट मिळतात, ४ पासून वर एकच, आणि प्रत्येक साधारण मिनिटभराचा. ३ वाल्याचा पहिला टाइमआउट बॉल-इन-हँड (समोरच्याच्या फाउलनंतर क्यू बॉल हवा तिथे ठेवायची मुभा) मिळाल्यावर घ्या, कारण तेव्हा एका मिनिटात अख्ख्या डावाची दिशा बदलते. कोच स्वतःच्या हाताने क्यू बॉल ठेवूनही देऊ शकतो, फक्त हात दुसऱ्या बॉलला लागू देऊ नका, तो फाउल खेळाडूच्या नावावर जातो. दुसरा टाइमआउट आठ नंबरसाठी राखा, आणि त्यात सर्वांत आधी आठ ज्या पॉकेटात घालणार त्यावर खूण ठेवली आहे का ते बघा. खूण राहिली, आठ गेला आणि समोरच्याने हरकत घेतली की डाव गेला. मी काकांना आठ नंबरच्या आधी प्रत्येक वेळी मोठ्याने "खूण" म्हणायला सांगेन, सरावातसुद्धा.