शब्दचर्चा : ‘ग्लेअर’साठी चकाकी, प्रखर प्रकाश की दिपणे?

प्रश्न : रात्रीच्या वाहतुकीविषयीच्या एका माहितीपत्रकाचे मराठीकरण करताना ‘ग्लेअर’ या शब्दापाशी अडलो आहे. समोरून येणाऱ्या मोटारीच्या हेडलाइटमुळे काही क्षण काहीच दिसेनासे होते, त्या अवस्थेसाठी ‘चकाकी’ योजावा की ‘प्रखर प्रकाश’?

प्रतिसाद : ‘चकाकी’ येथे चालणार नाही. चकाकी पृष्ठभागाची असते. घासलेले भांडे चकाकते, पावसात भिजलेला रस्ता चकाकतो. ‘प्रखर प्रकाश’ हे दिव्याचे वर्णन झाले; पाहणाऱ्याच्या डोळ्यांचे काय झाले ते त्यातून कळत नाही. ‘झोत’चेही तसेच.

प्रकाशशास्त्रात ग्लेअरचे दोन प्रकार मानतात आणि शब्द निवडण्याआधी ते वेगळे केलेले बरे. एका प्रकारात उजेड नकोसा होतो, आपण डोळे किलकिले करतो, मान वळवतो, पण दिसत असते. दुसऱ्या प्रकारात दिसण्याची क्षमताच घटते : तीव्र प्रकाश डोळ्याच्या भिंगात आणि इतर पारदर्शक भागांत विखुरतो, त्याचा धूसर पडदा दृष्टिपटलावरील प्रतिमेवर पसरतो आणि गडद कपड्यांतला पादचारी व त्याच्यामागचा काळोख यांतला फरक पुसला जातो. वयानुसार भिंग गढुळते, मोतीबिंदू धरू लागतो, तसा हा पडदा दाट होत जातो. पहिल्या प्रकारासाठी आपण रोज बोलतो तेच, म्हणजे ‘उजेड डोळ्यांवर येणे’, पुरेसे आहे. दुसऱ्यासाठी ‘डोळे दिपणे’. ‘खुपणे’ मी टाळेन, कारण डोळ्यांत खुपते ते बहुधा दुसऱ्याचे यश.

शंका : डोळे ऐश्वर्यानेही दिपतात, त्यामुळे ‘दिपणे’मध्ये कौतुकाची छटा येत नाही का? शिवाय शीर्षकासाठी नाम हवे. ‘दीपन’ कसे वाटते?

प्रतिसाद : कौतुकाची छटा लाक्षणिक वापरातली आहे, वाक्यात हेडलाइट आला की ती उरत नाही. ‘दीपन’ मात्र नको, कारण आयुर्वेदात दीपन म्हणजे जठराग्नी प्रदीप्त करणे, आणि वाहनचालकांच्या भुकेशी या पत्रकाला कर्तव्य नाही. ‘डोळे दिपवणारे दिवे’ हे शीर्षक सरळ आहे. झोत निघून गेल्यावरही काही क्षण नीट दिसत नाही, त्याला कोणी ‘अंधारी येणे’ म्हणेल, पण अंधारी चक्कर येताना येते. तेथे ‘नजर पूर्ववत व्हायला लागणारा वेळ’ असे सविस्तरच लिहावे आणि ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते, हेही त्याच वाक्यात सांगावे.

‘डिपर’ या शब्दाबाबत अधिक काळजी घ्यावी लागेल. ‘डिपर द्या’ म्हणजे दिवे खाली करा, असे काही जण समजतात, तर काहींना त्यातून समोरच्याला दिव्यांची उघडझाप करून इशारा देणे अभिप्रेत असते. सूचनेत असा दुहेरी शब्द ठेवणे धोक्याचे असल्याने ‘दिवे खालच्या झोतावर आणा’ असे स्पष्ट लिहावे. तरीही एवढ्याने भागत नाही. खालच्या झोताला वरून एक कड असते आणि तिच्यावर फारसा प्रकाश जाऊ नये अशी रचना केलेली असते; गाडीचा मागचा भाग ओझ्याने दबला, दिव्याचा कोन बिघडला किंवा हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब बसवला, की ती कड वर सरकते किंवा मोडते, बल्ब बदलल्याने असे होते, कारण परावर्तकाचा आकार हॅलोजन बल्बमधल्या तापणाऱ्या तारेच्या नेमक्या जागेवरून ठरवलेला असतो. त्यातच एलईडीचा पांढरा प्रकाश हॅलोजनच्या पिवळसर प्रकाशापेक्षा अधिक निळसर असल्यामुळे रात्री तितक्याच तीव्रतेचा असूनही अधिक बोचतो.

म्हणून पत्रकात ‘अप्पर (वरचा झोत) लावू नका’ याच्या जोडीला दुसरे वाक्य घालावे : ‘आपल्या गाडीचा खालचा झोतही समोरच्याचे डोळे दिपवत असेल, तर दिव्यांचा कोन तपासून घ्या.’