फिन्निश नवख्यांचं भाकीत: ड्राफ्टचा क्रमांक बघायचा की आणखी काही?

मिलिंद_तांपेरे

जूनच्या शेवटाला एनएचएलचा (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची लीग) ड्राफ्ट, म्हणजे नव्या पोरांची निवड झाली, की इथे फिनलंडमध्ये तांपेरेत ऑफिसच्या कॉफीच्या टेबलावर दुसरा विषय नसतो. यंदा निवडलेला पोरगा अमेरिकेत पहिल्याच मोसमात किती गुण करणार? (गोल आणि असिस्ट मिळून गुण.) आणि सगळे जण बघतात फक्त क्रमांक. दुसऱ्या क्रमांकावर गेलाय ना, मग पन्नास तरी होतीलच!

मला हे अजिबात पटत नाही. दुसऱ्या क्रमांकावर गेलेले तीन फिन घ्या. २०१६ चा पात्रिक लाइने: विनिपेगकडून ७३ सामन्यांत ३६ गोल, ६४ गुण. २०१३ चा अलेक्सांडर बार्कोव: फ्लोरिडाकडून ५४ सामन्यांत २४ गुण. २०१९ चा कापो काक्को: न्यू यॉर्क रेंजर्सकडून ६६ सामन्यांत २३. क्रमांक एकच आणि पहिल्या मोसमात एवढी तफावत. उलट सेबास्तियान अहो २०१५ ला ३५ व्या क्रमांकावर गेला आणि पहिल्याच मोसमात कॅरोलायनाकडून ४९ गुण करून मोकळा झाला. यारी कुरी तर १९८० ला ६९ वा होता. एडमंटनमधल्या पहिल्या मोसमात त्याचे ७५ गुण!

माझं म्हणणं असं, की ड्राफ्टनंतर पोरगा आणखी एखादं वर्ष युरोपातच मोठ्या माणसांत खेळला का, ते आधी बघा. मिरो हेइस्कानेन २०१७ ला तिसरा निवडला गेला, पण वर्षभर हेलसिंकीत एचआयएफके क्लबकडे राहिला. मग डॅलसला गेला तो थेट पूर्ण ८२ सामने खेळला, बचावपटू असून ३३ गुण. आन्तोन लुंडेलचंही तेच: २०२० चा ड्राफ्ट, एक मोसम घरी, मग फ्लोरिडात ६५ सामन्यांत ४४. अहोसुद्धा निवड झाल्यावर वर्षभर औलूच्या कॅर्पॅट क्लबकडेच होता. आणि या सगळ्यांचा बाप तेमु सेलान्ने! निवड १९८८ ला, विनिपेगला पोचला १९९२ ला. पहिल्या मोसमात ७६ गोल, १३२ गुण. नवख्यांचा हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, आणि सर्वोत्तम नवख्याची काल्डर ट्रॉफी मिळवणारा फिन आजवर तो एकटाच.

अठराव्या वर्षी पोरांना उचलून न्यायची ही घाई मला खरंच खुपते.

अजिंक्य_ज

मिलिंद, सोयीची उदाहरणं निवडलीत तुम्ही. ज्याच्यापासून सुरुवात केलीत तो लाइने ड्राफ्टनंतर एकही दिवस थांबला नाही. जूनमध्ये निवड, ऑक्टोबरमध्ये एनएचएल, वय अठरा. मग ६४ गुण कुठून आले?

आता उलटं उदाहरण. मिकाएल ग्रान्लुंड. २०१० ला मिनेसोटाने नवव्या क्रमांकावर घेतला. तुमच्या सूत्राप्रमाणे दोन वर्षं एचआयएफकेकडे राहिला. २०११ च्या जागतिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात रशियाच्या गोलमागे उभा राहून त्याने पक (खेळायची रबरी चकती) स्टिकच्या पात्यावर उचलून वरच्या कोपऱ्यात ठेवला होता, फिनलंडमध्ये तो गोल पोराटोरांना पाठ आहे. एवढा तयार होऊन गेला आणि पहिल्या मोसमात काय? २७ सामने, ८ गुण, मध्येच ह्यूस्टनला दुय्यम लीगमध्ये रवानगी.

सेलान्नेचं म्हणाल तर तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. शिवाय १९९२-९३ हा मोसमच गोलांच्या पावसाचा, त्या वर्षी १४ जणांनी ५० गोल गाठले होते. त्या आकड्यांवरून आजच्या पोरांचं भाकीत करणं चूक आहे.

वरदा

मला हॉकीतलं फार कळत नाही, नवरा बघतो म्हणून मीही बघते. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखं का? आणि दुय्यम लीग म्हणजे नक्की काय?

मिलिंद_तांपेरे

वरदा, लिलाव नाही, बोली लागतच नाही. संघ आळीपाळीने अठराएक वर्षांच्या पोरांचे हक्क घेतात. आदल्या मोसमात तळाला राहिलेल्यांची पाळी आधी येते, पहिल्या काही जागांसाठी सोडत असते. हक्क घेतले म्हणजे पोराने लगेच जायला हवं असं नाही. दुय्यम लीग म्हणजे एएचएल. प्रत्येक एनएचएल संघाचा तिथे एक जोडसंघ असतो.

यात एक बारीक गोष्ट आहे. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून आलेल्या पोराला वीस वर्षांचा होईपर्यंत साधारणपणे एएचएलमध्ये पाठवता येत नाही. युरोपातून आलेल्याला अठराव्या वर्षीही येतं. म्हणजे फिन्निश पोरासाठी मधली पायरी तयार असते, फक्त क्लबला ती वापरायची अक्कल हवी. कोलोराडोने मिको रांतानेनला २०१५-१६ मध्ये एनएचएलचे नऊच सामने दिले. दहावा खेळवला असता तर त्याच्या तीन वर्षांच्या करारातलं पहिलं वर्ष मोजलं गेलं असतं. बाकी मोसम तो सॅन अँटोनिओत एएचएल खेळला, ५२ सामन्यांत ६० गुण. पुढल्या वर्षी कोलोराडोकडून २० गोल. आज तो लीगमधल्या मोठ्या खेळाडूंत आहे हे सांगायला नको.

अजिंक्य, ग्रान्लुंडचा तो मोसम खेळाडू-मालक वादामुळे निम्म्यावर आला होता, जानेवारीत सुरू झाला. २७ सामन्यांवरून मी तरी काही ठरवणार नाही.

दादा_टोरांटो

दोघंही वय मोजताय. मी इथे वर्षानुवर्षं सामने बघतोय, मला वाटतं पोराचं कौशल्य कुठल्या जातीचं आहे ते बघा.

एनएचएलची रिंक (बर्फाचं मैदान) २६ मीटर रुंद. ही पोरं ज्या युरोपी रिंकवर वाढली त्या पारंपरिक मापाने ३० मीटरपर्यंत. चार मीटर ऐकायला काहीच नाही, पण काक्कोचा खेळ आठवा. तुर्कूच्या टीपीएसकडून त्याने २२ गोल केले ते कसे? कोपऱ्यात पक घ्यायचा, बचावपटूला पाठीवर घ्यायचं, कडेच्या फळीला धरून गोलाकार फिरत राहायचं, आणि समोरचा दमला की आतल्या बाजूला वळायचं. त्या वळण्याला जागा लागते. न्यू यॉर्कमध्ये तो वळायच्या आधीच दुसरा माणूस अंगावर आलेला असायचा. पोरगा तोच, ताकद तीच, पण निम्म्या वेळी पक फळीवरच अडकायचा.

आता लाइने. पॉवर प्ले (समोरचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर) सुरू आहे, तो डावीकडच्या वर्तुळात एका गुडघ्यावर झुकून उभा आहे. पलीकडून पास येतो आणि पक न थांबवता तो मारतो. त्या फटक्याला रिंक रुंद असो की अरुंद, काय फरक पडतो? वर्तुळापासून गोलपर्यंतचं अंतर तेच. म्हणून त्याचा खेळ पहिल्याच दिवशी समुद्रापार आला. माझं भाकीत नेहमी असं असतं: फटक्यावर जगणारा लवकर चमकतो, पक वागवत फिरणाऱ्याला दोन-तीन वर्षं लागतात. बार्कोवचंच बघा, पहिल्या वर्षी २४ गुण (त्यात सोची ऑलिंपिकमध्ये गुडघा गेला) आणि पुढे त्याच फ्लोरिडाचा कर्णधार म्हणून २०२४ आणि २०२५ ला एनएचएलच्या विजेत्याचा स्टॅनले कप उचलला. कप जिंकणारा पहिला फिन्निश कर्णधार.

अजिंक्य_ज

दादा, हे पटतंय, पण मग एली टोल्वानेन कुठे बसवणार? तोही फटक्यावर जगणारा. २०१७-१८ ला हेलसिंकीच्या योकेरिटकडून केएचएल या रशियन लीगमध्ये अठराव्या वर्षी ३६ गुण, तेव्हा त्या वयाचा विक्रम. नॅशव्हिलला गेला आणि तीन सामन्यांत शून्य. जम बसायला आणखी दोन-अडीच वर्षं लागली. फटका होताच ना त्याच्याकडे?

माझ्या मते खरं उत्तर क्लबच्या गरजेत आहे. विनिपेगने लाइनेला वरच्या ओळीत (एकत्र उतरणाऱ्या तीन आघाडीपटूंच्या गटात) खेळवला, पॉवर प्लेवर उभा केला. टोल्वानेनला तशी जागाच रिकामी नव्हती. वेळ कोणासोबत आणि किती मिळणार ते कळल्याशिवाय गुणांचं भाकीत करू नये.

प्राची_औलू

एवढी चर्चा झाली आणि येस्से पुल्युयार्वीचं नाव कुणीच घेतलं नाही. मी औलूत राहते, तो आमच्या कॅर्पॅटचा.

२०१६ च्या जानेवारीत हेलसिंकीत ज्युनियर जागतिक स्पर्धा फिनलंडने जिंकली तेव्हा अहो, लाइने आणि पुल्युयार्वी एका ओळीत खेळत होते. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू लाइने नव्हता, पुल्युयार्वी होता. जूनमध्ये तो तिसरा जाणार असं सगळे धरून चालले होते. तिसरी पाळी कोलंबसची होती आणि कोलंबसचा व्यवस्थापक यार्मो केकालाइनेन स्वतः फिन. त्याने या पोराला सोडून दुसराच घेतला आणि पुल्युयार्वी चौथ्या क्रमांकावर एडमंटनला गेला. तिथे २८ सामने, एक गोल, मग बेकर्सफील्डला एएचएलमध्ये. म्हणजे मिलिंद, मधली पायरी त्यालाही दिली होती, फक्त आधी महिनोन्‌महिने बाकावर बसवून, आत्मविश्वास पार घालवून. इंग्रजी फारसं येत नव्हतं. पुढे दोन्ही खुबे दुखावले, शस्त्रक्रिया झाली.

२०१९ ला तो औलूला परत आला. मोसमात ५६ सामन्यांत ५३ गुण केले. मी स्टँडमधून बघितलंय त्याला, गोल झाला की लहान पोरासारखा हसायचा. पुढच्या वर्षी एडमंटनला परतला आणि ५५ सामन्यांत १५ गोल केले.

तुम्ही गुणांची भाकितं जरूर करा. पण अठरा वर्षांच्या पोराला परक्या गावात बोलायला कोणी आहे का, संघात एखादा थोरला फिन आहे का, हेही त्यात धरा. आणि पहिल्या मोसमावरून त्याला ‘वाया गेला’ म्हणू नका. हे लिहिताना मला आजही राग येतो.

मिलिंद_तांपेरे

प्राची, तुमच्या प्रतिसादाने माझा मुद्दा पक्काच होतो. ते औलूतलं वर्ष त्याला १८ व्या वर्षी मिळायला हवं होतं, ते २१ व्या वर्षी मिळालं.

वरदा

मग आता एखादं नाव घेऊन सांगा ना. नुसतं जुन्यांचं पोस्टमॉर्टेम काय करायचं?

मिलिंद_तांपेरे

घ्या. कोन्स्ता हेलेनियस. २०२४ ला बफेलोने १४ व्या क्रमांकावर घेतला. त्याआधीच मिक्केलीच्या युकुरिटकडून मोठ्या माणसांत ५१ सामन्यांत ३६ गुण केले होते. निवड झाल्यावर क्लबने त्याला घाईने वर न खेळवता एएचएलमध्ये रॉचेस्टरला पाठवलं. सेंटर (मधला आघाडीपटू) आहे, उंची बेताची, पण डोकं फार चांगलं. एनएचएलमधल्या पहिल्या पूर्ण मोसमात ४० गुण.

दादा_टोरांटो

पक वागवणारा आहे. माझ्या मते २५. चाळीसचं वर्ष तिसरं.

अजिंक्य_ज

त्याला दुसऱ्या ओळीत कोणासोबत खेळवतात ते कळू दे, तोवर मी आकडा देणार नाही.

प्राची_औलू

माझे ३५. आणि २० झाले तरी मी त्याच्याच बाजूने भांडणार.