द हंड्रेड : गुणपत्रिका कशी आखायची आणि सलग दहा चेंडू कुणाला द्यायचे?

रकाना_रेघ

द हंड्रेड या इंग्लंड-वेल्समधल्या शंभर चेंडूंच्या क्रिकेट स्पर्धेतल्या ओव्हल इन्व्हिन्सिबल्स, म्हणजे २०२६ पासूनचं एमआय लंडन, या फ्रँचायझीच्या दोन्ही संघांचे सामने चेंडूगणिक लिहून अभ्यासायचे आहेत. महिलांनी २०२१ आणि २०२२ चा करंडक घेतला, पुरुषांनी २०२३, २०२४ आणि २०२५ चा. पहिल्या पाचही हंगामांत दोघांपैकी एक संघ जिंकलाच, तेव्हा त्यांच्या आखणीत बघण्यासारखं काहीतरी असणार.

अडचण कागदाची आहे. सहा चेंडूंच्या षटकाची छापील गुणपत्रिका (स्कोअरशीट) इथे दहाव्या चेंडूलाच विस्कटते. मूळ नियम माहीत आहेत: डावात १०० चेंडू, एका गोलंदाजाला जास्तीत जास्त २०, पाच टाकून थांबायचं किंवा सलग दहा टाकायचे, पॉवरप्ले २५ चेंडूंचा. आता हवंय ते असं: पान कसं आखायचं, पाच की दहा हे कर्णधार कशावर ठरवतो, आणि महिला-पुरुष दोन्ही सामने एकाच तक्त्यात तोलता येतात का?

पेन्सिलखोडरबर

छापील वही ठेवून द्या, चौकटींचा कागद घ्या. आडवे २० रकाने पाडा, प्रत्येकात ५ घरं. हे झाले सेट. जाड रेघ मात्र दर दोन सेटनंतर मारा, कारण गोलंदाजीचं टोक १० चेंडूंनी बदलतं. पाच चेंडू झाले की पंच पांढरं कार्ड दाखवतात, ते फक्त 'सेट संपला, हवा तर गोलंदाज बदला' एवढ्यासाठी. पुढचा सेट त्याच टोकाकडून पडतो. लोक इथेच चुकतात: पाचव्या चेंडूवर एक धाव निघाली की सवयीने स्ट्राइक त्याच फलंदाजाकडे ठेवतात आणि तिथून पुढचं सगळं पान खोटं होतं. पाचव्यावर एकेरी धाव घेतली तर सहावा चेंडू दुसरा फलंदाज खेळणार. एकेरी धाव घेऊन स्ट्राइक राखायची असेल तर ती दहाव्या चेंडूवर.

२५ व्या चेंडूपाशी तुटक रेघ मारा. ती जाड रेघेवर पडत नाही, तिसऱ्या दहाच्या बरोबर मधे पडते. याचं महत्त्व पुढे कुणीतरी सांगेलच.

प्रत्येक सेटच्या घरांवर दोन चेंडूंची मोकळी जागा सोडा. वाइड आणि नोबॉल मोजणीत येत नाहीत, त्यामुळे एखादा सेट सात चेंडूंचा होतो. नोबॉलला इथे २ धावा आहेत, वर फ्री हिट. नोबॉलवर चौकार बसला तर एकूण ६: फलंदाजाच्या नावावर ४, अवांतर २, आणि गोलंदाजाच्या खात्यात सहाच्या सहा. अवांतराच्या रकान्यात नुसतं 'नो' लिहू नका, 'नो२' लिहा. बेरीज जुळत नसेल तर दहापैकी नऊ वेळा दोष इथेच असतो.

झेलबाद झाल्यावर नवा फलंदाज स्ट्राइकवर येतो, आधीच्या दोघांनी एकमेकांना ओलांडलेलं असो वा नसो. (हे हंड्रेडमध्ये २०२१ ला करून पाहिलं आणि २०२२ पासून क्रिकेटच्या कायद्यातच आलं, त्यामुळे आता कुणाला नवं वाटत नाही.) अपवाद दहाव्या चेंडूचा: त्यावर झेल गेला तर टोक बदलतं, म्हणून पुढचा चेंडू उरलेला फलंदाज खेळतो.

गोलंदाजांच्या पट्टीत प्रत्येकासमोर चारच चौकोन काढा, एका चौकोनात एक सेट. चार भरले की तो गोलंदाज संपला, वेगळं मोजायला नको. मेडनचा रकाना काढून टाका आणि तिथे डॉट चेंडू, म्हणजे धाव न निघालेले चेंडू, लिहा.

इकॉनॉमीसाठी, म्हणजे षटकामागे किती धावा दिल्या त्यासाठी, सोपा गुणाकार: पूर्ण २० चेंडू टाकलेल्याच्या धावा × ०.३. म्हणजे २७ धावा दिल्या तर षटकामागे ८.१. संकेतस्थळांवर हे सामने टी-ट्वेंटीच्या कारकिर्दीत धरतात, म्हणून तिथे पूर्ण कोटा ३.२ षटकं असा दिसतो. तो चार षटकं समजून भागाकार केला की ६.७५ येतो आणि गोलंदाज उगाच भारी वाटायला लागतो.

मिडविकेटपाशी

कागदाचं ठीक आहे, पण एवढा बाऊ कशाला? टी-ट्वेंटीत गोलंदाजाला एक पंचमांश कोटा, इथेही एक पंचमांश. कमीत कमी पाच गोलंदाज तिथेही लागतात, इथेही. वीस चेंडू कापलेली टी-ट्वेंटी आहे, बस. मालक बदलले, नावं बदलली, आता एमआय लंडन आणि सनरायझर्स लीड्स म्हणायचं, तरी खेळ तोच.

दुसरं_टोक

कोट्याचं प्रमाण तेच आहे, बाकी बरंच हललंय. पॉवरप्ले टी-ट्वेंटीत डावाचा ३० टक्के, इथे २५. दहा विकेट तिथे १२० चेंडूंना पुरवायच्या, इथे १०० ला, म्हणजे एका विकेटमागे १२ ऐवजी १० चेंडू. फलंदाजाने थांबून खेळण्याची किंमत इथे जास्त आहे. आणि टोक तिथे डावात १९ वेळा बदलतं, इथे ९ वेळा.

हा शेवटचा आकडाच मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. कर्णधार पाचांत विचार करत नाही, टोकात करतो. खेळपट्टी मैदानाच्या मध्यापासून सरकलेली असेल तर एका बाजूची सीमारेषा जवळ येते, वर वारा असतो. उजव्या फलंदाजाला एका टोकाकडून लेग साइड जवळ पडते, दुसऱ्या टोकाकडून लांब. टी-ट्वेंटीत वाईट टोक सहा चेंडू सोसायचं असतं, इथे दहा. म्हणून वाईट टोकाकडून सहसा एकाच गोलंदाजाला दहा देत नाहीत. पहिले पाच टाकून बघतात, मार बसला की गोलंदाज बदलतात. चांगल्या टोकाकडून फिरकीपटू लयीत असेल तर दहा सरळ टाकून घेतात.

आता रकाना_रेघ, तुमच्या पानावर एक गोष्ट करून बघा. दहाचे दहा गट, टोकं आलटून पालटून. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा एका टोकाकडून. दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा दुसऱ्या. म्हणजे पहिला चेंडू कुठून टाकायचा हे ठरवलं की ९१ ते १०० कुठून पडणार तेही तिथेच ठरलं. ज्या टोकाकडून तुमच्या यॉर्करवाल्याला लांबची सीमारेषा मिळते ते शेवटच्या दहासाठी हवं असेल, तर डाव त्याच्या विरुद्ध टोकाकडून सुरू करावा लागतो. समालोचनात हे क्वचित ऐकू येतं. प्रत्येक सामन्यात पहिल्या चेंडूचं टोक नोंदवा आणि शेवटचे दहा कुणी टाकले ते शेजारी लिहा.

वाटप साधारण असं असतं. नव्या चेंडूचा स्विंगवाला १ ते १० सलग टाकतो. ११ ते २० दोघांत पाच-पाच. २१ ते २५ पुन्हा स्विंगवाला आणि तिथे पॉवरप्ले संपतो. पेन्सिलखोडरबर यांची तुटक रेघ मधे पडते ती ही: तेच टोक, पण २६ व्या चेंडूपासून वर्तुळाबाहेर दोनाऐवजी पाच क्षेत्ररक्षक. लेगस्पिनर बहुतेक इथे आत येतो. ३१ ते ७० दोन फिरकीपटूंचं राज्य, मधे एखादा सहाव्या गोलंदाजाचा सेट उरकून घ्यायचा. ७१ पासून वेगवान. डेथवाल्याचे, म्हणजे डावाच्या शेवटी टाकणाऱ्याचे, निदान १० चेंडू शेवटच्या तीसमध्ये शिल्लक हवेत.

पाचच गोलंदाज घेऊन उतरलं तर ५ × २० म्हणजे बरोबर १००, सुटीचा एकही चेंडू नाही. एकाचा सेट २० धावांना गेला तरी त्याच्याकडूनच कोटा पुरा करून घ्यावा लागतो. म्हणून सहावा हवा, आणि तो ४० ते ६० च्या दरम्यान वापरलेला बरा. ८० नंतर त्याला आणणं म्हणजे आधी कुठेतरी हिशेब चुकला.

मिडविकेटपाशी

टोकाचं पटलं. पण पाचांचा सेट हा गोलंदाजाला दिलासा आहे, हे तरी मान्य करा. सहाऐवजी पाचच चेंडू मार.

दुसरं_टोक

पाच पुरतात. १० ऑगस्ट २०२४, साउदॅम्प्टन, ट्रेंट रॉकेट्सविरुद्ध सदर्न ब्रेव्हला १२७ हव्या होत्या. २० चेंडूंत ४९ उरल्या असताना रशीद खानच्या सेटमधल्या पाचही चेंडूंवर पोलार्डने षटकार मारले. ३० धावा, आणि समीकरण १५ चेंडूंत १९. सेट सुरू झाला की तो त्याच गोलंदाजाने संपवायचा असतो, मधे काढता येत नाही. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला डावात एक टाइमआउट मिळतो आणि प्रशिक्षक मैदानात येऊन बोलू शकतो. तो कधी घेतला ते पानावर चेंडूच्या आकड्यासह लिहाच, कारण ७० च्या आत खर्च झाला की शेवटी कर्णधार एकटाच असतो.

वर्तुळाबाहेर

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. पानाची आखणी एकच चालेल, पण महिला-पुरुष सामने एका तक्त्यात तोलू नका.

फ्रँचायझी एक, मैदान एक, बहुतेक वेळा दिवसही एक: आधी महिलांचा सामना, मग पुरुषांचा. बक्षिसाची रक्कमही दोघांना सारखी. (मानधन नाही. २०२५ मध्ये वरच्या पट्ट्यात पुरुषांना २ लाख पौंड, महिलांना ६५ हजार.) पण चेंडू वेगळा असतो. महिलांचा १४० ते १५१ ग्रॅम, पुरुषांचा १५५.९ ते १६३. महिलांच्या सामन्यात सीमारेषेचा दोरही आत ओढलेला असतो. त्यामुळे त्याच मैदानावर दुपारी लांब वाटलेली बाजू आणि संध्याकाळी लांब वाटलेली बाजू यांची मापं निराळी. दोन्ही सामन्यांच्या पानावर वर आधी सीमारेषेचं अंतर लिहा, मग पुढचं बोला.

शेवटच्या तीस चेंडूंचं वर दिलेलं वाटप पुरुषांचं आहे. महिलांमध्ये फिरकी डावाच्या सुरुवातीलाही असते आणि शेवटीही, पॉवरप्लेमध्येही आणि शेवटच्या सेटलाही. २०२४ ची लॉर्ड्सवरची अंतिम लढत घ्या: लंडन स्पिरिटला ११६ हव्या होत्या, शेवटचा सेट वेल्श फायरच्या हेली मॅथ्यूजकडे, म्हणजे ऑफस्पिनरकडे. समोर डावखुरी दीप्ती शर्मा. चेंडू बाहेर जाणारा, कागदावर जोडी गोलंदाजाच्या बाजूची. दीप्तीने षटकार मारून दोन चेंडू राखून सामना संपवला. पुरुषांच्या तक्त्यात बसवलं तर हा निर्णय वेडेपणा दिसेल, महिलांच्या सामन्यात तो रोजचा आहे.

धावाही वेगळ्या मार्गाने येतात. जेमिमा रॉड्रिग्जची २०२१ ची हेडिंग्लीवरची खेळी चेंडूगणिक लिहून काढा: नॉर्दर्न सुपरचार्जर्स (आताचे सनरायझर्स लीड्स) ४ बाद १९, तिथून ४३ चेंडूंत नाबाद ९२, त्यात १७ चौकार आणि षटकार एकच. त्यामुळे महिलांच्या पानावर फटक्याची दिशा टिपायला जागा ठेवा. षटकार मोजून हाती फार काही लागत नाही, क्षेत्ररक्षणातली कुठली फट पुन्हा पुन्हा सापडली ते कळायला हवं.

रकाना_रेघ

छान, कामाला लागतो. दोन बारीक शंका. बरोबरी झाली तर काय लिहायचं? आणि पुरुषांच्या एका सामन्यात शेवटच्या चेंडूंना वर्तुळाबाहेर चारच दिसले, ते कशामुळे?

पेन्सिलखोडरबर

साखळीत बरोबरी झाली की गुण वाटून घ्यायचे, काम संपलं. बाद फेरीत सुपर फाइव्ह, दोघांना पाच-पाच चेंडू. त्याचं पान वेगळं घ्या; त्या धावा मूळ डावात मिसळल्या की सरासऱ्या बिघडतात. बाद फेरी लहानशी आहे: पहिला संघ थेट अंतिम फेरीत, दुसरा आणि तिसरा एलिमिनेटर खेळतात.

चार दिसले ती संथ गोलंदाजीची शिक्षा. ठरलेल्या वेळेत डाव पुरा होत नसेल तर उरलेल्या चेंडूंना एक क्षेत्ररक्षक वर्तुळात आणावा लागतो. ज्या चेंडूपासून तो आत आला त्या घरावर छोटा बाण काढा. नाहीतर नंतर बघताना वाटतं की कर्णधाराने डीप पॉइंट मुद्दाम मोकळा ठेवला होता.