मदत हवी आहे : लीड्समध्ये मराठी चित्रपटाचा एक खेळ लावायचा आहे, डीसीपी आणि केडीएमचं कसं जमवायचं?

लीड्सकर
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाला नोव्हेंबरमध्ये एका नव्या मराठी चित्रपटाचा एकच खेळ इथल्या एका स्वतंत्र थिएटरात लावायचा आहे. पडदा एक, खुर्च्या १४०, रविवारी संध्याकाळी ७ ची वेळ. निर्माते राजी आहेत, थिएटर भाड्याने मिळतंय. निर्मात्यांकडून "लिंक पाठवतो, डाउनलोड करून लावा" असा निरोप आलाय. थिएटरवाल्यांना मात्र डीसीपी (थिएटरच्या सर्व्हरवर चालणारी चित्रपटाची डिजिटल प्रत), केडीएम (ती प्रत उघडणारी चावी) आणि वयाचं प्रमाणपत्र हवंय. आपल्या सेन्सॉरचं प्रमाणपत्र इथे चालतं का? इंग्रजी सबटायटल हवीतच. चित्रपट लवकरच ओटीटीवर येणार अशी चर्चा आहे, तेव्हा थांबून तिथूनच दाखवू, स्वस्त पडेल, असं समितीत काहींचं म्हणणं आहे. सुरुवात कुठून करू?

बाल्कनी
ओटीटीचा विचार आधी डोक्यातून काढा. ते सदस्यत्व घरी बघण्यापुरतं असतं. हॉलमध्ये लोक जमवून दाखवायचा हक्क त्यात येत नाही, तिकीट लावा किंवा फुकट दाखवा.

निर्माते राजी आहेत हे चांगलंच, पण परदेशातले थिएटरचे हक्क अजून त्यांच्याकडेच आहेत का, हे स्पष्ट विचारा. पुष्कळदा ते आधीच एखाद्या वितरकाला विकलेले असतात आणि निर्मात्याच्या होकाराला मग काही किंमत उरत नाही. ज्यांच्याकडे हक्क असतील त्यांच्याकडून ईमेलवर घ्या : चित्रपटाचं नाव, थिएटर, तारीख, खेळ एक, आणि पैसे ठरावीक रकमेत की तिकीटविक्रीच्या वाट्यात. १४० खुर्च्यांसाठी वाटा बरा. ठरावीक रक्कम कबूल केलीत आणि निम्मं थिएटर रिकामं राहिलं, तर भाडं आणि रक्कम दोन्ही मंडळाच्या गळ्यात.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र भारतापुरतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे ७+, १३+, १६+ असे भाग झालेत, पण तुमच्याकडे तो आकडा ग्राह्य नाही. बीबीएफसीचं (ब्रिटनच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाचं) वर्गीकरण लागतं, किंवा स्थानिक कौन्सिलची परवानगी. तुमच्या बाबतीत लीड्स सिटी कौन्सिलचा लायसन्सिंग विभाग. चित्रपट युकेत रीतसर लागणार असेल तर बीबीएफसीचं काम वितरक करतो, म्हणून आधी त्यांना विचारा. कौन्सिलकडे जायचं झालं तर कथासार, लांबी आणि कधी कधी बघायला लिंकही मागतात. काही कौन्सिलना चार आठवडे आधी अर्ज लागतो, आजच फोन करा.

मास्टरिंगवाला
तांत्रिक बाजू लिहितो.

पहिला प्रश्न निर्मात्यांना : डीसीआय (डिजिटल थिएटरांचं तांत्रिक प्रमाण) प्रमाणातला डीसीपी बनलाय का? महाराष्ट्रात बऱ्याच पडद्यांवर चित्रपट ई-सिनेमाच्या वेगळ्या फाईलवरून चालतात. ती फाईल तिकडच्या सर्व्हरवर चालत नाही. "लिंक" म्हणजे साधी एमपी४ असेल तर १४० लोकांच्या पडद्यावर ती लावू नका, काळोखातली दृश्यं चिखल होतात. डीसीपी नसेल तर प्रोरेस ४२२ एचक्यू मास्टर (उच्च दर्जाची मूळ फाईल) आणि ५.१ आवाजाच्या सहा वेगळ्या वेव्ह फाईल मागा. त्यावरून डीसीपी-ओ-मॅटिक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डीसीपी बनतो.

डीसीपी असेल तर फोल्डरच्या नावात भाषेचा भाग बघा. एमआर-एक्सएक्स म्हणजे मराठी आवाज, सबटायटल नाहीत. एमआर-ईएन म्हणजे इंग्रजी सबटायटल आहेत. आतल्या एकाही फाईलचं नाव बदलू नका, अ‍ॅसेटमॅपशी (आतल्या फाईलींच्या यादीशी) जुळलं नाही की सर्व्हर उचलत नाही. डिस्क ईएक्सटी३ (लिनक्सच्या) फॉरमॅटची, फॉरमॅट करताना आयनोडचा आकडा १२८. एक्सफॅट डिस्क पुष्कळ जुने सर्व्हर वाचतच नाहीत. १५० जीबीचा चित्रपट यूएसबी २ वरून सर्व्हरवर चढायला दीड तास सहज जातो, म्हणून डिस्क दोन दिवस आधी थिएटरात पोचू द्या.

आता केडीएम, म्हणजे चावी. ती एका विशिष्ट सर्व्हरसाठी, एका विशिष्ट आवृत्तीसाठी आणि ठरावीक वेळेपुरती असते. थिएटरकडून सर्व्हरचा मेक, सीरियल नंबर आणि सध्याचं डिजिटल सर्टिफिकेट मागून पुढे पाठवा. "सध्याचं" म्हणतोय, कारण दुरुस्तीत मीडिया ब्लॉक (चित्रपट उलगडणारं सर्व्हरचं कार्ड) बदलला असेल तर जुन्या सर्टिफिकेटवर बनवलेली चावी लागत नाही.

सर्वांत जास्त घोळ वेळेचा होतो. मुंबईत कोणी "रविवार रात्री १२ पर्यंत" असं भारतीय वेळेने भरलं, तर लीड्समध्ये ती चावी संध्याकाळी साडेसहाला संपते. तुमचा ७ चा खेळ सुरूच होणार नाही. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेपाच. चावी शुक्रवार सकाळ ते सोमवार दुपार मागा, युकेच्या वेळेने, आणि तसं लिहून द्या. शुक्रवारी पाच मिनिटं चालवून बघायला मिळतं ते याचमुळे.

शेवटची_रांग
वेळेबद्दल माझं मत. दुपारी ३ ला लावा. सोमवारी शाळा असलेल्या पोरांना घेऊन रात्री दहाला घरी पोचणारा खेळ अर्धा रिकामा जातो.

ओटीटीची वाट तर अजिबात बघू नका, हक्काचा प्रश्न बाजूला ठेवला तरी. आपल्याकडे एकाच शुक्रवारी दोन-तीन मराठी चित्रपट एकमेकांवर आदळतात, दुसऱ्या आठवड्यात खेळ सकाळी ९ वर ढकलले जातात, आणि मग "प्रेक्षक येत नाहीत" म्हणायला सगळे मोकळे. परदेशातल्या मंडळांनी पहिल्या दोन शनिवार-रविवारांत खेळ लावला तर तो चित्रपट गाजत असताना लागतो. महिन्यानंतर लावलेल्या खेळाला लोक फक्त बटाटेवड्यासाठी येतात, हे चित्रपटावर अन्याय करणारं आहे.

लीड्सकर
खूप आभार सगळ्यांचे. खेळ ३ वर आणतोय. कौन्सिलचा अर्ज मिळाला. निर्मात्यांकडून दोन फोल्डर आले आहेत : एकाच्या नावात एमआर-एक्सएक्स आणि शेवटी ओव्ही, दुसऱ्यात एमआर-ईएन आणि शेवटी व्हीएफ. दुसरा जेमतेम काही एमबीचा आहे. डाउनलोड अर्धवट झालाय का? आणि मध्यंतर कसं घ्यायचं? इथल्या ऑपरेटरला ते माहीत नाही.

मास्टरिंगवाला
डाउनलोड ठीक आहे. व्हीएफमध्ये (व्हर्जन फाईल) फक्त सबटायटल आणि प्लेलिस्ट असते, चित्र आणि आवाज ओव्हीतून (ओरिजिनल व्हर्जन, म्हणजे मूळ प्रत) घेतला जातो. दोन्ही फोल्डर सर्व्हरवर चढवायचे, आधी ओव्ही. चावी मात्र व्हीएफच्या नावाने मागा. ओव्हीची चावी आली तर चित्रपट चालेल, पण सबटायटलशिवाय.

मध्यंतराचं असं : चित्रपट दोन भागांत बनवला असेल तर प्लेलिस्टमध्ये दोन नोंदी दिसतील, मग प्रत्येक भागाची वेगळी चावी आली आहे ना ते बघा. एकच सलग भाग असेल तर मध्यंतराची पाटी नेमक्या कितव्या मिनिट-सेकंदाला येते ते निर्मात्यांकडून घ्या आणि ऑपरेटरला कागदावर लिहून द्या. तिथे पॉज, दिवे वर, पंधरा मिनिटांनी दिवे खाली आणि पुन्हा सुरू.

शुक्रवारी चाचणी घेताना संवादाचं दृश्य आणि गाणं दोन्ही लावून आवाज ठरवा. आवाजाच्या प्रोसेसरवर ७ हा प्रमाण आकडा असला तरी भरलेल्या छोट्या हॉलला ५ च्या आसपास पुरतो. आणि चित्र स्कोप (जास्त रुंद) की फ्लॅट (कमी रुंद) ते तेव्हाच बघून घ्या. चुकीची लेन्स लागली की सबटायटलची खालची ओळ पडद्याबाहेर जाते.