कायद्यात बसलं म्हणजे झालं? (व्होडाफोन-हच)

जमाखर्च: 'व्होडाफोननं कायदा मोडला नाही, मग नीतीचं शेपूट कशाला?' असं काल इथेच एकानं ठणकावलंय. प्रतिसादात मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

२००७. हाँगकाँगच्या हचिसनला हचिसन एस्सार (म्हणजे इथली 'हच' मोबाइल कंपनी) मधला आपला वाटा विकायचा होता. विकलं काय? केमन बेटांवरच्या (जिथे आयकरच नाही) सीजीपी नावाच्या कंपनीचा एकुलता एक शेअर. घेणारी व्होडाफोनची डच कंपनी. मोजले सुमारे ११ अब्ज डॉलर. त्या शेअरच्या पोटात मॉरिशसच्या कंपन्यांची उतरंड आणि तळाशी आपल्याकडचे परवाने नि ग्राहक. इथल्या नोंदवहीत एक शेअर हलला नाही, म्हणे कर शून्य!

त्रयस्थ: अर्धवट माहिती. नफा हचिसनचा, आयकर खात्याची नोटीस मात्र व्होडाफोनला. कारण तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम १९५: परदेशी विक्रेत्याला पैसे देताना कर कापा, नाही कापलात तर तुम्ही भरा. सीजीपी १९९८ पासून होती, सौद्याच्या आदल्या रात्री काढलेली नव्हे. मॉरिशसच्या कंपन्यांनी थेट इथले शेअर विकले असते, तरी तेव्हाच्या भारत-मॉरिशस करारानं भांडवली नफ्यावर इथे कर नव्हताच. सर्वोच्च न्यायालयानं २० जानेवारी २०१२ ला व्होडाफोनच्या बाजूनं निकाल दिला, भरून घेतलेले २,५०० कोटी ४ टक्के व्याजानं परत करायला लावले. मग सरकारनं असे सौदे करपात्र ठरवायला त्याच वर्षी कायदा बदलला, तोही मागे जाऊन १ एप्रिल १९६२ पासून! डाव संपल्यावर नियम बदलणाऱ्यानं नीती शिकवावी?

जमाखर्च: पूर्वलक्षी बदल वाईटच, २०२१ मध्ये सरकारनंच तो गुंडाळला. म्हणून सौदा सोवळा होत नाही. मॅक्डॉवेल खटल्यात (१९८५) न्या. चिन्नप्पा रेड्डींनी लिहिलंय की चलाख माणूस कर टाळतो तेव्हा त्याचं ओझं भोळ्याभाबड्या नागरिकाच्या खांद्यावर जातं.

पगारदार: भोळे म्हणजे आम्हीच. पगार हातात पडायच्या आत टीडीएस कापलेला. आम्हाला कुठलं केमन?

चावडी: भोळे! जानेवारीत कुठल्याही ऑफिसात घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी दिलेल्या भाड्याच्या पावत्या बघा. भाडं नेमकं ८,३०० का? वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. ८,३०० गुणिले १२ म्हणजे ९९,६००. बारा पावत्या, बारा महसुली तिकिटं, सगळ्यांवर एकाच बैठकीतली सही.

त्रयस्थ: ती करचुकवेगिरी, म्हणजे सरळ खोटं. इथे विषय करटाळणीचा, म्हणजे कायद्यात बसवून कर वाचवण्याचा आहे. गल्लत नको.

चावडी: बरं, मग खरी पावती घ्या. घर आईच्या एकटीच्या नावावर, तिला दुसरं उत्पन्न नाही. मुलगा करार करून दरमहा २०,००० बँकेतून देतो, तिचा पॅनही देतो. मुलाला ३० टक्क्यांच्या टप्प्यात वजावट. आईचे २,४०,०००, त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट, उरले १,६८,०००. कर शून्य. पैसा घरातल्या घरात. केमनला जायचं कशाला, कोथरूड पुरे.

पगारदार: आईच्या भाड्याची तुलना ११ अब्जांशी? शरम वाटू द्या! शिवाय नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही, निदान तेवढं तरी वाचून या.

चावडी: म्हणून तर हे लोक जुनी प्रणाली सोडत नाहीत.

त्रयस्थ: हे बहुतेकदा कोसळतं कुठे तेही सांगा. मुलगा सहमालक निघतो, किंवा आई महिनाअखेरीस तेच पैसे मुलाच्या खात्यात परत पाठवते, किंवा तिच्या विवरणपत्रात भाडं दाखवलेलंच नसतं.

जमाखर्च: धागा व्होडाफोनचा होता हो! असो. २०१७ पासून 'गार' (GAAR, करटाळणीविरोधी सर्वसाधारण नियम) लागू आहे: व्यवहाराचा मुख्य हेतू करलाभ असेल आणि त्यात व्यापारी अर्थ नसेल, तर आयकर खातं कागदांपलीकडे जाऊन बघू शकतं. त्रयस्थ, तेव्हा हे असतं तर तुमचा 'सीजीपी १९९८ पासून' हा मुद्दा चालला असता?

त्रयस्थ: कदाचित अडखळला असता. एवढंच देतो, जास्त मागू नका. पण गार तरी वर्षाला ३ कोटींहून जास्त करलाभ असेल तरच लागतो.

चावडी: म्हणजे कोथरूडची आई सुटली. पगारदार, पेढे वाटा.